खड्डेकाकांचा वाफा

खड्डेकाकांना गल्लीतल्या कुणीही कधी चहाला बोलावलं नाही. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. दफनभूमीत खड्डे खणायची त्यांची नोकरी, आणि असल्या माणसाला घरात बोलावणं लोकांच्या जिवावर येतं. उगाच आपल्या घराचा पत्ता त्याच्या लक्षात राहायला नको! वेळ आली की मात्र हीच मंडळी काकांचं दार ठोठावत आणि "काका, जरा बऱ्या जागी बघा" म्हणून हात जोडत. काका बघत. पुढच्या आठवड्यात तेच लोक बाजारात तोंड फिरवून निघून जात. काकांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते तसं म्हणत. काकूंना वाटे, आणि त्या ते बोलूनही दाखवत.

कामात माणूस चोख. खड्ड्याच्या चारही बाजू दोरी लावल्यासारख्या सरळ, कोपरा म्हणजे कोपरा. आणि भरायची त्यांची एक ठरलेली रीत होती. वरची काळी, भुसभुशीत, मुळापानांची माती आधी तळाला लोटायची, कारण ती पुढे कुजते, दबते, आणि वर राहिली तर तिथे खळगा पडतो. वर घ्यायची ती खालून निघालेली पिवळी चिकण माती. ती धुम्मसने, म्हणजे जड ठोकणीने, ठोकायची, मधे थोडा फुगवटा ठेवायचा आणि फावड्याच्या पाठीने थापटून गुळगुळीत करायची. पाणी पडलं तर ते वरच्यावर वाहून गेलं पाहिजे, आत मुरता कामा नये. कामावर आलेल्या नव्या माणसाला ते एवढंच सांगत, "आपलं काम माती मिटवायचं. नीट मिटव." पुढचा सगळा घोळ या चोखपणातूनच झाला, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

काकांची एकुलती लेक बाळंतपणानंतर माहेरी आली ती रिकाम्या हाताने आली. मुलगी झाली होती. थोडेच दिवस जगली. लेक तेव्हा दवाखान्यात पडून होती, तिला उठायची परवानगी नव्हती. घरचे म्हणून जावई आणि काका असे दोघेच तेवढे दफनभूमीत त्या कामाला गेले. नंतर जावई नोकरीवर परत गेला, रोज संध्याकाळी फोन करायचा आणि रोज काकूच तो घ्यायच्या. लेक मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मुलीला कुठे ठेवलं, कसं ठेवलं, हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. सगळे मूग गिळून बसले होते. जो माणूस गावभरच्या लोकांना "इकडे, या बाजूला" म्हणून वाट दाखवायचा, त्याची स्वतःच्या घरात दातखीळ बसली होती.

त्यात तिने खाणं सोडलं. सोडलं म्हणजे रुसून नव्हे. घास तोंडात घ्यायची, चावत राहायची, आणि मग उठून मोरीत टाकून यायची. काकूंनी दूध करून पाहिलं, सूप करून पाहिलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. डॉक्टरीण घरी येऊन गेली. तिने लेकीचं मनगट धरून पाहिलं, वजन पाहिलं आणि बाहेर येऊन दोघांना स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. तिचं शरीर आता स्वतःलाच खातंय." काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. काका डॉक्टरीणबाईंची पिशवी उचलून त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आले.

त्या आठवड्यात काकूंनी बाजारातून मटार आणले होते आणि लेकीच्या पलंगाशी बसून सोलत होत्या. लेकीने एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि परत थाळीत ठेवला. "शिळे आहेत," ती म्हणाली. "वेलीवरून तोडून तिथेच उभ्याने खाल्ले तर गोड लागतात." बस, एवढंच. पण कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं लांब वाक्य होतं. काका दारातच उभे होते. त्यांनी ते वाक्य असं उचललं की जणू तिने औषधाचं नावच सांगितलं होतं.

घरामागे अंगण म्हणायला एक तुकडा होता. एका बाजूला धुण्याची जागा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत, आणि मधे घर बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे, चुना आणि साबणाचं पाणी पिऊन निबर झालेली जमीन. तिथे गवतसुद्धा नाइलाजाने उगवायचं. काकांनी त्यातला भिंतीलगतचा, ऊन येणारा भाग निवडला. जेमतेम दोन-अडीच हात लांब. त्याहून मोठा तुकडा निघतच नव्हता.

"तुम्हाला कधी साधी कुंडी तरी जगवता आली का?" काकूंनी विचारलं.

"मातीचंच काम आहे ना? मातीत माझी हयात गेली."

आणि काका कामाला लागले. ते ज्या पद्धतीने लागले ते पाहून काकूंनी कपाळाला हात लावला. कुदळ, पहार, फावडं, दोरी. काका कमरेपर्यंत आत गेले तरी थांबेनात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंना नवऱ्याचं नुसतं धडच जमिनीवर ठेवल्यासारखं दिसत होतं. शेवटी त्या पदर खोचून बाहेर आल्या. "अहो, मटार पेरायचेत की पुराय..." शब्द अर्धाच राहिला. दोघांनीही आतल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा बंद होता. काकू आल्या पावली आत गेल्या.

काकांनी विटांचे तुकडे वेचून काढले, हे चांगलं केलं. मग खड्डा भरला तो आपल्या रीतीने. वरची जी काही थोडी बरी माती होती ती तळाला, आणि खालची पिवळी चिकण वर. पायाने तुडवली, ठोकली, फुगवटा दिला, थापटली. त्यात बोटाने भोकं पाडून मटार टाकले आणि पाणी घातलं. पाणी एका बाजूने ओघळून मोरीत गेलं. काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही; उलट काम झकास झालंय असंच वाटलं. असा हा आमचा मातीत हयात गेलेला माणूस.

रोज सकाळी ते वाफ्यापाशी उकिडवे बसत. काही उगवलं नाही. वर पापडी धरली, मग पापडीला भेगा पडल्या. एक दाणा उकरून पाहिला तर तो चेपून, बुळबुळीत होऊन कुजला होता. इकडे लेकीच्या गालाची हाडं वर आली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा काकूंनी त्या काढून कपाटात ठेवल्या. काकांना रात्री मटारची नव्हे, त्या बांगड्यांची स्वप्नं पडत.

ते वाफ्यातलं एक ढेकूळ रुमालात बांधून बियाणांच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी बाई तोंडाने फटकळ होती. तिने ढेकूळ बशीत ठेवलं आणि त्यावर आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. पाणी ढेकळावर तसंच थांबून राहिलं.

"मडकी घडवायचीत का तुम्हाला?" ती म्हणाली. "बोट घाला यात. जातंय? तुमचं बोट जात नाही तिथे बिचारं मूळ कुठून जाणार? ही आणलीत कुठून?"

"खालून."

"आणि वरची?"

"खाली घातली."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की काका ओशाळले. "सगळं उलटं केलंत की हो! झाडाला हवी ती वरची वीतभर माती. ती वर आणा, चिकण माती थोडीच ठेवा. तिच्यात कुजलेला पाला घाला, जुनं शेणखत घाला, स्वयंपाकघरातली सालंबिलं कुजवून घाला. दोन-तीनदा वरखाली करा, ओल धरू द्या, थोडी थांबू द्या. आणि मेहेरबानी करून तिच्यावर नाचू नका. पाणी आत गेलं पाहिजे, हवा आत गेली पाहिजे."

"आत गेलं पाहिजे," काका पुटपुटले. इतकी वर्षं ते बाहेर ठेवायलाच त्यांना पगार मिळाला होता.

घरी येऊन त्यांनी पुन्हा सगळं उपसलं. काकूंनी भाज्यांची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा एका बादलीत साठवायला घेतला, आणि बादलीच्या वासावरून दिवसातून दोनदा नवऱ्याचा उद्धारही केला. शेणखताची एक गोणी काकांनी गोठेवाल्याकडून आणली. राहिला पाला. पाला काकांना ठाऊक होता. दफनभूमीच्या मागच्या भिंतीशी मोठी झाडं होती, आणि झाडून काढलेली पानं वर्षानुवर्षं तिथेच ढिगाने पडत. वरचा थर बाजूला केला की खाली काळाभोर, हलका चुरा. मुठीत दाबला की गोळा व्हायचा, बोट लावलं की सुटायचा. काकांनी दोन गोण्या भरून सायकलवर आणल्या.

काकूंनी गोणी पाहिली, तिच्यावरचा दफनभूमीचा शिक्का ओळखला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तिथलं काही घरात आणायचं नाही, असं ठरलं होतं आपलं."

"पानं आहेत गं. झाडाची पानं."

"तिथली आहेत."

"मग कुठली आणू? माझी ओळख अजून कुठे आहे?"

एवढं खरं बोलायची काकांना सवय नव्हती. काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिला कळू देऊ नका म्हणजे झालं." काकांनी मान डोलावली. घरात न बोलायच्या गोष्टी एवढ्या साठल्या होत्या की आणखी एकीने काय बिघडणार होतं!

या खेपेला माती खरंच बदलली. काका ती दर काही दिवसांनी वरखाली करत, ढेकळं हाताने फोडत, कोरडी वाटली तर झारीने पाणी शिंपडत. बघता बघता पिवळेपणा गेला, गडद रंग आला. पाणी ओतलं की चुकचुक आवाज करून आत जाऊ लागलं. एके दिवशी खुरप्याच्या टोकाशी गांडूळ निघालं, तेव्हा काकांनी काकूंना हाक मारून ते दाखवलं. काकूंनी नाक मुरडलं, पण बघून गेल्या. त्यांना हसू आलं होतं. डॉक्टरीण मात्र पुन्हा येऊन गेली होती आणि यावेळी तिने दिवसच सांगून टाकला. परवापर्यंत सुधारणा नसेल तर दाखल करायचं. मटार उगवून, वेल चढून, शेंगा धरायला किती काळ लागतो हे काकांना आता पक्कं माहीत होतं. एवढा वेळ नव्हता. तरी दुपारी ते बी पेरायला बसले. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं.

पेरणीआधी वाफा जरा नीटनेटका करावा म्हणून त्यांनी फावडं घेतलं. डोकं लेकीपाशी, हात आपल्या कामात. कडा छाटल्या, कोपरे काढले, माती मधे ओढून फुगवटा दिला, आणि फावड्याच्या पाठीने थापटलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

थापटण्याचा तो आवाज आत ऐकू गेला असावा. मागचं दार उघडलं. लेक उंबऱ्यावर उभी होती, अंगावर शाल, चौकट धरून. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच अंगणात येत होती. तिने वाफ्याकडे पाहिलं. काकांनीही तिच्या नजरेमागून पाहिलं, आणि तेव्हा त्यांना दिसलं की आपण काय करून ठेवलंय. अडीच हात लांब. गुळगुळीत. चारही कोपरे नीट काढलेले.

"बाबा," ती म्हणाली, "तिचं असंच केलंत?"

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, मटार आहेत ते, मटार. चल, आत चल तू..."

"आई, मी बाबांना विचारतेय."

काकांना खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "हो," ते म्हणाले. "असंच. थोडं लहान."

"कुणी खणलं?"

"मी."

"दुसरे खणणारे नव्हते?"

"होते. मी त्यांना हात लावू दिला नाही."

ती हळूच उंबऱ्यावर बसली. मग एकेक प्रश्न आला. इतके दिवस तिने ते दाताखाली धरून ठेवले होते, आणि म्हणूनच बहुधा तिथे घासाला जागा नव्हती. "खोल आहे?" आहे. कुत्रंमांजर पोचणार नाही इतकं. "ओल होती का?" नव्हती, कोरडं होतं. "दगड?" एकही ठेवला नाही. पहार वापरलीच नाही मी, खुरप्याने खणलं. "आणि वरून ठोकलंत? ते जड असतं ते, त्याने?"

"नाही," काका म्हणाले. "धुम्मस नाही मारली. जमलंच नाही. मऊ माती होती तीच वर घेतली, हाताने दाबली. कामाच्या रीतीने ते चुकीचंच आहे. म्हणून तिथे सारखा खळगा पडतो. मी रोज सकाळी आधी तिथे जातो, थोडी माती घालतो, मग हजेरीला."

काकूंनाही हे ठाऊक नव्हतं. त्या पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. लेक वाफ्याकडे बघत होती. मग उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी तिने पाण्याशिवाय कशालाही तोंड लावलं नाही. काकू संतापल्या होत्या. "काय गरज होती सगळं सांगायची? माणसाने थोडं लपवावं!" काका ऐकून घेत राहिले. त्यांना वाटत होतं की काकूंचंच बरोबर आहे. आपल्याच हाताने आपण लेकीला आणखी खाली ढकललं. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी कोपऱ्यावर जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि उद्या घेऊन येतो म्हणून कळवलं.

सकाळी ते उठून मागे आले तेव्हा लेक वाफ्यापाशी मांडी घालून बसली होती. तिने तो पार मोडून टाकला होता. कडा फोडल्या होत्या, फुगवटा सपाट केला होता, माती इकडेतिकडे पसरली होती, आणि आता ती दोन्ही हातांनी एकेक ढेकूळ चुरत होती. नखं काळी झाली होती, श्वास लागला होता. काका घाईने खाली बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "तुमच्या हाताला थापटायची सवय आहे."

काकांनी हात मागे घेतला. त्यांना ते लागलं, पण ती रागाने बोलली नव्हती. नुसतं जे होतं ते सांगितलं होतं. ते शेजारी बसून राहिले. तिने काळा चुरा मुठीत घेतला, नाकाशी नेला. "हे आपल्याकडचं नाही. कुठलं?"

काकांनी दाराकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. "तिथलंच," काका म्हणाले. "मागच्या भिंतीशी झाडं आहेत, त्यांची पानं."

"तिच्यापासून लांब?"

"लांब. पार दुसऱ्या टोकाला."

तिने मूठ उघडली. चुरा वाफ्यात पडू दिला. "मग तिच्या जवळचीपण थोडी आणू," ती म्हणाली. "तिथे झाड आहे ना?"

"आहे. लहान आहे, पण पानं गळतात त्याची."

"लांब आहे का ते? चालत?"

"बराच वेळ लागेल. मी सायकलवर आणतो ना, तू कशाला..."

"मीच येणार." ती भिंतीला धरून उठायला गेली. पाय लटपटले, ती परत बसली, पुन्हा उठली. काका हात न लावता दोन्ही हात तिच्या मागे धरून उभे. ती दाराकडे वळली. "आई, मला काहीतरी खायला दे. असं उपाशी चालवणार नाही मला."

काकूंनी आधी ऐकलंच नाही. मग ऐकलं आणि आत धावल्या. आतून डब्यांचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. लेक हात न धुताच पाटावर बसली. काकू पावाचे तुकडे दुधात बुडवून पुढे ठेवत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या.

काकांनी रिकामी गोणी खांद्यावर टाकली. एवढी वर्षं त्या फाटकातून आत जाताना त्यांना कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. ती बघेल. तिथेच बसून राहिली तर? खालीच कोसळली तर? आपण आधी जावं, जरा साफसूफ करावी, पानं बाजूला सारावीत, असं वाटून ते गडबडीने पायात चपला सरकवू लागले.

"बाबा, पुढे जाऊ नका," आतून लेकीचा आवाज आला. तोंडात घास होता. "थांबा. मी खातेय."